विमान पडल्यावर दोन तासांत टीव्हीवर कारण सांगतात ते कशाच्या जोरावर?

निळीशाई:
मोठा विमान अपघात झाला की मला दुसरं काही सुचत नाही, टीव्ही चालू, मोबाईलवर तीन ग्रुप, आणि संध्याकाळपर्यंत चार कारणं ऐकून झालेली असतात. एक माजी पायलट म्हणतो इंजिन गेलं, दुसरा म्हणतो फ्लॅप्सच (उडताना पंखांच्या मागे उघडायच्या झडपा) उघडलेले नव्हते, कोणी घातपात म्हणतं, आणि रात्री पायलटच्या घरातल्या गोष्टी निघतात. माझा भाऊ केबिन क्रूमध्ये आहे, आई हे सगळं बघते आणि त्याला फोन करकरून विचारत राहते. इतक्या लवकर खरंच काही कळतं का? की चौकशीवालेच मुद्दाम दडवून ठेवतात?

रानपाखरू:
नाही कळत गं. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं ४४७ रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. तेव्हा वीज पडली, बॉम्ब होता, सगळं बोलून झालं. ब्लॅक बॉक्स मिळाले २०११ च्या मे महिन्यात, जवळपास ३९०० मीटर खोल समुद्रतळावरून, आणि मग कळलं की वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबमध्ये बर्फ झाला, ऑटोपायलट सुटला, पुढे विमानाचं नाक वर धरून ठेवल्यामुळे ते स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि तसंच खाली येत गेलं. हे त्या पहिल्या आठवड्यात स्टुडिओत बसून कोण सांगणार होतं?
टीडब्ल्यूए ८०० हे अमेरिकी विमान तर अजून जुनं, १९९६ चं. लोकांनी प्रकाशाची रेघ वर जाताना पाहिली म्हणून क्षेपणास्त्र पक्कंच धरलं होतं. तपास करणाऱ्यांनी समुद्रातून तुकडे काढून हँगरमध्ये विमान परत जुळवलं, चार वर्षं घेतली, आणि निष्कर्ष निघाला मधल्या इंधन टाकीतल्या वाफेच्या स्फोटाचा. दिसलेली रेघ म्हणजे बहुतेक ते जळतं विमानच होतं. साक्षीदार खोटं बोलत नव्हते हं, त्यांनी पाहिलं ते खरं होतं, लावलेला अर्थ चुकला.

मीरा_डेस्क:
मी काही वर्षं एका न्यूज चॅनेलच्या डेस्कवर होते, नाव नको. अशा दिवशी माहिती असते पाच मिनिटांची आणि भरायचे असतात चोवीस तास. तज्ज्ञाला अँकर विचारतो "काय काय होऊ शकतं?", तो बिचारा म्हणतो पक्षी धडकलेला असू शकतो, आम्ही खाली पट्टी लावतो "पक्षी धडकल्याने अपघात?" आणि पुढच्या बुलेटिनला ते प्रश्नचिन्ह गळून पडतं. मी स्वतः अशा पट्ट्या टाइप केल्यात आणि त्याची मला अजून लाज वाटते, कारण घरचे लोक तेव्हा हॉस्पिटलबाहेर बसून तेच बघत असतात.
२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना २१४ या कोरियन विमानाचा अपघात झाला, तेव्हा एका स्थानिक चॅनेलने चार पायलटची म्हणून नावं वाचली. ती कोणीतरी टवाळीत बनवलेली नावं होती, आणि तपास संस्थेतल्या एका इंटर्नने त्यांना दुजोरा दिला होता.

रानपाखरू:
दडवण्याबद्दल राहिलंच. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे साधारण ३० दिवसांत प्राथमिक अहवाल येतो, त्यात काय घडलं ते असतं, का घडलं ते बहुतेक नसतं. आणि या तपासाचा हेतू दोष कोणाचा हे ठरवणं नसतोच, पुन्हा होऊ नये एवढाच असतो. अहमदाबादचा अपघात १२ जून २०२५ चा, प्राथमिक अहवाल आला १२ जुलैला. त्यात इंधनाचे स्विच 'रन' (चालू) वरून 'कटऑफ' (बंद) वर गेल्याची नोंद होती, आणि दोन पायलटमधलं एक वाक्य होतं, तू बंद का केलंस, दुसरा म्हणाला मी नाही केलं. कोण काय म्हणालं ते दिलेलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी लोकांनी नाव घेऊन निकाल लावला. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही हो.

निळीशाई:
हे आईला वाचून दाखवते. फायनल रिपोर्ट सामान्य माणसाला मिळतो का?

रानपाखरू:
तपास संस्थेच्या वेबसाइटवर टाकतात, फुकट असतो. जाडजूड असतो, शिफारशींची पानं आधी वाच, भावाच्या कामाचं त्यात जास्त असेल.