मदत हवी आहे: काकांच्या कपाटात निघालेलं स्पायडरमॅनचं मूळ चित्रपान. खरं आहे का, आणि किंमत कशी लावायची?

क्वीन्सची पुतणी

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहणारे माझे काका गेल्या वर्षी गेले. काकू आता लेकीकडे न्यू जर्सीला जायच्या आहेत, म्हणून घर आवरायला घेतलंय. कॉमिक्सच्या पेट्या निघणार हे ठाऊकच होतं, त्यांच्याबरोबर एक मूळ चित्रपानही निघालं. छापलेलं नव्हे, हाताने काढलेलं.

कागद जाड, मोजला तर ११ बाय १७ इंच. सहा चौकटी शाईने काढलेल्या, संवादाच्या फुग्यांतली अक्षरंही हातचीच. समासात फिक्या निळ्या छापील रेघा आहेत आणि अंकाचा क्रमांक, पान क्रमांक लिहायच्या जागी पेन्सिलीने काहीतरी खरडलंय. दोन-तीन ठिकाणी पांढरा रंग फासलाय. स्पायडरमॅन फक्त शेवटच्या दोन चौकटींत, बाकी चारांत पीटर पार्कर कुणाशी तरी हुज्जत घालतोय. सही नाही, पावतीही नाही. काकू म्हणतात, चित्रकार रॉस अँड्रू यांचं पान आहे, १९८० च्या सुमारास एका कन्व्हेन्शनमध्ये (कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात) घेतलं होतं, आणि 'एका कागदापायी एवढे पैसे' म्हणून त्या तेव्हा भांडल्याही होत्या.

एक विक्रेता घरी येऊन पेट्या आणि पान मिळून एकच आकडा सांगून गेलाय, उद्याच चेक देतो म्हणतो. काकूंना कटकट नको आहे, त्यामुळे त्या तयार आहेत. मला मात्र धीर होत नाही. पान अस्सल आहे हे कसं ओळखायचं? किंमत कशी काढायची? आणि तोवर ते ठेवायचं कसं?

शाईचा डाग

आधी तो एकगठ्ठा सौदा थांबवा. पेट्यांचा भाव वेगळा, पानाचा वेगळा. उद्याच चेक देणाऱ्याने पान नीट पाहिलंय, एवढं नक्की.

तुम्ही लिहिलेलं वर्णन तरी काळाशी जुळतं. साधारण १९६७ पर्यंत चित्रकार बऱ्याच मोठ्या कागदावर काढत, त्यानंतर ११ बाय १७ चा बोर्ड रूढ झाला. अँड्रू यांनी 'अमेझिंग स्पायडरमॅन' १९७३ ते १९७८ मध्ये काढला. फुगे पानावरच लिहिलेले असणं हेही त्या काळाला धरूनच आहे. हल्ली अक्षरं संगणकावर बसवतात, त्यामुळे नव्या पानांवर बहुधा फुगेच नसतात.

आता पडताळणी. समासातला अंकाचा क्रमांक आणि पान क्रमांक वाचा, तो अंक किंवा त्याचं पुनर्मुद्रण मिळवा आणि चौकट चौकट ताडून पाहा. मग दिवा बाजूने तिरका धरा. खऱ्या पानावर शाई एकसारखी नसते, काळ्या भागात ब्रशचे फटकारे दिसतात, शाईखाली न पुसलेली पेन्सिल सापडते, पांढरा रंग बोटाला किंचित उंच लागतो (हळूच, स्वच्छ हाताने). फोटोस्टॅट (यंत्रावर काढलेली नक्कल) असेल तर कागद गुळगुळीत आणि काळा रंग सगळीकडे सारखा. छापील पानावरून कुणी नंतर गिरवलेलं असेल तर रेषा घाबरलेली दिसते, आणि समासातल्या कामाच्या खुणा बहुधा नसतात.

सही नसल्याची काळजी नको. ही पानं छपाईसाठी काढलेली, भिंतीसाठी नव्हेत.

पिवळा फुगा

किमतीचं मी सांगतो. वय, मेहनत, कागदाची अवस्था यांपेक्षा पानावर काय चाललंय त्याला पैसे मिळतात. मुखपृष्ठ सगळ्यात वर, त्याखाली पानभर एकच चित्र असलेलं स्प्लॅश, मग मारामारीचं पान, आणि तळाला साध्या कपड्यांतल्या माणसांच्या गप्पा. एकाच अंकातल्या दोन पानांत म्हणूनच कितीतरी पटींचा फरक पडतो. तुमच्याकडे दोन चौकटींत स्पायडरमॅन पोशाखात आहे, ही जमेची बाजू. तो कुठे आहे? अँड्रू न्यूयॉर्कचे फोटो काढून गच्च्या, पूल, रस्ते हुबेहूब उतरवत. शहरावरून झोके घेणारी चौकट असेल तर दर्दी लोक तिच्यासाठी थांबतात.

बातम्यांतले आकडे डोक्यातून काढा. २०१२ मध्ये चित्रकार टॉड मॅकफार्लेनचं 'अमेझिंग स्पायडरमॅन' अंक ३२८ चं मुखपृष्ठ ६,५७,२५० डॉलरला गेलं. जानेवारी २०२२ मध्ये 'सीक्रेट वॉर्स' अंक ८ मधलं माइक झेक यांचं पान ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं, कारण स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचा उगम त्या पानावर आहे. तुमचं पान त्या रांगेतलं नाही.

हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीच्या साइटवर फुकट नोंदणी केली की जुन्या विक्रीचे भाव दिसतात. तिथे अँड्रूची याच मालिकेतली, जमलं तर त्याच इंकरची (पेन्सिलीवर शाई चढवणाऱ्याची), पोशाख जवळपास तेवढाच असलेली पानं शोधा. तीन-चार अलीकडच्या विक्री मिळाल्या की किंमत साधारण कुठून कुठवर जाते ते कळतं. त्या आकड्यांत खरेदीदाराचं शुल्क धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हाती त्याहून कमी येतं. कॉमिक आर्ट फॅन्स या संग्राहकांच्या साइटवर फोटो टाकलात तर त्याच अंकातली इतर पानं असलेली मंडळीही भेटतील.

रात्रपाळी

काका वारल्याच्या तारखेला पानाची बाजारकिंमत किती होती, हे लेखी मूल्यांकनात घ्या. वारशाने आलेली वस्तू विकली तर अमेरिकेत नफा त्या किमतीपासून मोजतात, काकांनी दिलेल्या पैशांपासून नव्हे. संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर संघीय कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून मूल्यांकनाचा हा कागद महत्त्वाचा. सीपीएला (करसल्लागाराला) विचाराच. घराच्या साध्या विम्यातही अशी वस्तू बहुतेकदा पुरेशी धरली जात नाही.

ठेवायचं तर आम्लमुक्त बोर्डासकट मायलरच्या (पारदर्शक, टिकाऊ प्लास्टिकच्या) पाकिटात, सपाट. उन्हात नको, तळघरात तर नकोच.

जुना वाचक

थोडं अवांतर. आमच्या पिढीला हे सगळं इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळामुळे कळतं. साय बॅरी यांनी १९६१ पासून तीसेक वर्षं वेताळ काढला, वर्तमानपत्रांतल्या त्या दैनिक चित्रपट्ट्यांची मूळ चित्रंही अमेरिकेत विकली जातात. काकांच्या पेट्यांत एखादी निघाली तर या म्हाताऱ्याला आधी कळवा!

क्वीन्सची पुतणी

सगळ्यांचे आभार. वेताळ नाही निघाला, माफ करा. विक्रेत्याला थांबायला सांगितलं, तर त्याने लगेच आकडा वाढवला!

अंकाचं पुनर्मुद्रण वाचनालयात मिळालं. पान तंतोतंत जुळतं, पेन्सिल आणि ब्रशही दिसतात. एकच शंका: तिसऱ्या चौकटीत मुलीचा चेहरा वेगळ्या कागदावर काढून चिकटवलाय, कडेचा गोंद पिवळा पडलाय. छापील अंकात तो चिकटवलेलाच चेहरा आहे. यामुळे पान बिघडलेलं धरतात का? काढून खाली काय आहे ते बघू का?

शाईचा डाग

अजिबात काढू नका! छापील अंकात तोच चेहरा असेल तर दुरुस्ती छपाईआधीची, स्पायडरमॅनचे प्रकाशक मार्व्हल यांच्या ऑफिसातली. त्या वर्षांत चित्रकार जॉन रोमिटा तिथे कला-दिग्दर्शक होते आणि इतरांच्या पानांवरचे चेहरे बरेचदा दुरुस्त करत. हा त्यांचाच हात आहे असं मी फोटो न पाहता म्हणणार नाही, पण असेल तर किंमत उतरायचं कारण नाही. त्या चौकटीचा जवळून आणि बाजूच्या उजेडात एकेक फोटो काढा. मूल्यांकन करणाऱ्याला तेच आधी दाखवा.