लेखकाचा फोटो : शेतातला की टेबलावरचा?

वरूडकर: पहिली कादंबरी छापायला गेली. मलपृष्ठासाठी प्रकाशकाला फोटो पाहिजे, तोही कपाशीत उभं राहून, खांद्यावर दुपट्टा टाकून. अन् मी पतसंस्थेत लेजर भरतो! वावर कधीचं बटईनं दिलं. काय करू?

दारव्हेकर: काहून सोंग घेता भाऊ? इटालियन लेखिका एलेना फेरान्ते, या टोपणनावाची पहिली कादंबरी १९९२ मध्ये आली. त्या नावामागचं माणूस अजून मंचावर आलं नाही. तरी जग वाचते.

चिखलीवाला: त्यांना परवडते. आपल्याला रील टाकाच म्हणतात. पण आमच्या बुलडाण्याच्या सदानंद देशमुखांना २००४ चा साहित्य अकादमी मिळाला तो ‘बारोमास’ कादंबरीसाठी, दुपट्ट्यासाठी नाही.

वरूडकर: टेबलावरचाच पाठवतो. मागं पतसंस्थेचं कॅलेंडर दिसते, बायको म्हणते राहू द्या.