‘धोका’ आणि ‘जोखीम’ : तणनाशकाच्या माहितीपत्रकात कोणता शब्द वापरावा?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या ग्रामसभेसाठी मी ग्लायफोसेट या तणनाशकाविषयी माहितीपत्रक लिहीत आहे. एका बातमीत ‘कर्करोगाचा संभाव्य धोका’ असे आहे, तर दुसरीत ‘कर्करोगाची जोखीम संभवत नाही’ असे. आणि दोन्ही विधाने जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर आहेत. हे दोन शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर : ताई, समानार्थी मानू नयेत. आपल्याला दिसलेला विरोध बराचसा त्यातूनच निर्माण झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्याच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मार्च 2015 मध्ये ग्लायफोसेटला ‘2अ’ म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले, तेव्हा तिच्यापुढे प्रश्न एवढाच होता की या पदार्थात कर्करोग घडवण्याची क्षमता असल्याचा पुरावा कितपत भक्कम आहे. प्राण्यांवरील प्रयोगांतला पुरावा तिला पुरेसा वाटला, माणसांमधला मर्यादित. मे 2016 मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ बैठकीने मात्र अन्नातून पोटात जाणाऱ्या ग्लायफोसेटच्या अंशांपुरता विचार केला आणि त्यापासून माणसाला कर्करोग होण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले. पहिल्या अर्थासाठी ‘धोका’ आणि दुसऱ्यासाठी ‘जोखीम’ राखून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. धोका पदार्थाच्या अंगी असतो, तर जोखीम किती प्रमाणात, किती काळ आणि कोणत्या वाटेने संपर्क आला यावर ठरते. ‘जोखीम पत्करणे’ या प्रयोगात माणूस आणि त्याची परिस्थिती आधीच गृहीत आहे, म्हणून हा शब्द येथे चपखल बसतो. आपल्याकडे हिंदीच्या प्रभावाने ‘धोका’ म्हणजे फसवणूक असाही अर्थ घेतला जातो, तेव्हा पहिल्याच परिच्छेदात शब्दाचा अर्थ सांगून टाकावा.

‘संभाव्य’ हे विशेषण मी टाळीन. कर्करोग संशोधन संस्थेचे ‘2अ’ आणि ‘2ब’ हे गट पुराव्याच्या बळानुसार वेगळे आहेत, पण वर्तमानपत्रांत दोन्हींना ‘संभाव्य’ म्हटले जाते आणि हा भेद नाहीसा होतो. ‘2अ’साठी ‘बहुधा कर्करोगकारक’ आणि ‘2ब’साठी ‘कदाचित कर्करोगकारक’ लिहावे. गट जोखमीचे मोजमापही सांगत नाही : तंबाखूचा धूर आणि प्रक्रिया केलेले मांस दोन्ही ‘गट 1’मध्ये, म्हणजे सर्वांत भक्कम पुराव्याच्या गटात आहेत, म्हणून त्यांची जोखीम सारखी ठरत नाही.

पुरवणी : वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु आहारापुरता निघालेला निष्कर्ष फवारणी करणाऱ्या मजुरापर्यंत ताणू नये, हे पत्रकात स्वतंत्र वाक्यात यायला हवे. उघड्या हातांनी द्रावण कालवणाऱ्या, गळका पंप पाठीवर घेऊन ओल्या कपड्यांत दिवसभर राबणाऱ्या माणसाचा संपर्क ताटातल्या अंशांपेक्षा फार वेगळा असतो, आणि त्याच्या जोखमीचा विचार वेगळाच करावा लागतो. 2017 मध्ये आपल्या जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत शेतकरी-शेतमजूर दगावले, ती विषबाधा होती. तिथे ‘कर्करोग’ हा शब्द जोडू नये. कीटकनाशक-तणनाशकाच्या डब्यावर छापलेल्या इशाऱ्याच्या त्रिकोणाचा रंगही तत्काळ विषारीपणावरून ठरतो, त्यामुळे हिरवा त्रिकोण पाहून ‘कर्करोगाची भीती नाही’ असे कोणी सांगत असल्यास तो रंगाचा चुकीचा अर्थ आहे, असे मोठ्या अक्षरांत छापावे.