चार-पाच पाण्याच्या रेणूंत मीठ सुटतं का?

मांडवीकाठ:
बीएस्सीला आहे, म्हापशाला. वर्गात सांगतात मीठ पाण्यात पडलं की सोडियम आणि क्लोराईड वेगळे, विषय संपला. पण पाण्याचे चार-पाचच रेणू असले तर? तरी सुटतात का? कितीक पाणी लागतं?

रसायनवाली:
चार-पाचात नाही सुटत. मिठाच्या सुट्या वायुरूप रेणूत सोडियम-क्लोराईडमधलं अंतर २.३६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) असतं, आणि ती जोडी तोडून आयन, म्हणजे हे भारित कण, पार लांब न्यायचे तर मोलमागे साधारण ५५० किलोज्यूल लागतात. पाणी चिकटलं की ऑक्सिजनच्या बाजूने सोडियमला धरतं, हायड्रोजनच्या बाजूने क्लोराईडला, त्याने अंतर थोडं वाढतं पण जोडी टिकते. नऊ-दहा, डझनभर रेणू झाले की मग आयनांच्या मधे पाणी शिरलेली रचना ऊर्जेत बरोबरीला यायला लागते. अमुक आकड्याला तुटलंच असं काही नसतं हां, एकाच आकाराच्या क्लस्टरात, म्हणजे रेणूंच्या पुंजक्यात, दोन्ही प्रकार सापडतात, तापमानावरही जातं. भरपूर पाण्यात आकर्षण ७८ पटीने कमी होतं ते पुस्तकात असतं ना, ते असंख्य रेणू मिळून करतात, चार-पाचांना ते जमणार कुठून.

मांडवीकाठ:
थँक्यू ताई! मग मिठागरात पाणी आटतं तेव्हा हेच उलटं होतं का?

आगरवाला:
बाबा, प्रश्न एकदम बरोबर विचारलास. आमच्या पेडण्याकडे आगरवाड्याला भरतीचं पाणी कोंड्यांत, म्हणजे आगरातल्या वाफ्यांत, घेतात आणि उन्हाने आटवतात. समुद्राच्या पाण्यात एका सोडियममागे शंभरावर पाण्याचे रेणू असतात, आणि मीठ धरायच्या वेळी, म्हणजे १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ झालं की, हिशेब करून बघ, जोडीमागे नऊच उरतात! एकेका आयनाला भोवती पाच-सहा लागतात, म्हणजे वाटून घ्यावेच लागतात, आयन एकमेकांना चिकटणारच. मला हे फार सुंदर वाटतं.

रसायनवाली:
हिशेब बरोबर आहे, पण क्लस्टरातले नऊ आणि आगरातले नऊ एकच समजू नका, आगरात शेजारच्या जोड्याही ओढत असतात.
आणि समुद्रात खरी जोडी जमते ती मॅग्नेशियम आणि सल्फेटची. ते आधी मधे दोन पाणी ठेवून जवळ येतात, मग एक, मग थेट. आवाजाच्या दाबाने हा तोल हलतो आणि त्यात आवाजाची ऊर्जा खर्च होते, म्हणून शंभर किलोहर्ट्झच्या आसपासचा सोनार, म्हणजे आवाजाने पाण्यातलं शोधणाऱ्या यंत्राचा आवाज, समुद्रात फार लांब जात नाही. आयगेन आणि टाम या शास्त्रज्ञांनी हे टप्पे १९६२ साली मांडले, ते जरूर वाच.