मदत हवी आहे: जॉर्डन ड्रोगचे शंकू जळगावात शिवून घेता येतील का?

तापीकाठ: बोट 30 फुटी, सामानासकट साडेचार टन. एकट्यानेच अरबी समुद्रापलीकडे न्यायची आहे. वादळात सुकाणू सोडून आत पडून राहता यावं म्हणून मागून जॉर्डन ड्रोग, म्हणजे बोटीचा वेग रोखणारी लहान कापडी शंकूंची माळ, सोडणार आहे. ताडपत्री शिवणारे एक भाऊ तयार आहेत. छत्रीचं कापड चालेल का? दोर किती लागेल? हतनूर धरणाच्या पाण्यात चाचणी घेतली तर काही कळेल का?

शीडदोर: छत्रीचं कापड नको, दादा. ते ताणतं आणि शिवणीपाशी उसवतं. शिडाचं रिपस्टॉप (फाट पुढे न पसरणारं) नायलॉन घ्या, कडा तापल्या सुरीने कापा, दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. या वजनाला 100 शंकू, तोंड साधारण 13 सेंमी, दोन शंकूंत 50 सेंमी अंतर. म्हणजे शंकूंचे 50 मीटर, पुढे मोकळा दोर 23 मीटर, शिवाय त्या दोरापासून बोटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांना जाणारे दोन फाटे. दोर नायलॉनचाच, पॉलिप्रोपिलीन तरंगतो. शेवटी 7 किलोची साखळी.

शंकू इतके का, तर एकच मोठा ड्रोग लाटेच्या उतारावर कधी कधी पाण्याबाहेर येतो, दोर सैल पडतो आणि बोट आडवी होते. आडव्या बोटीला फुटती लाट सहज उलटवते. शंकूंची माळ लांब असल्याने काही शंकू कायम शांत पाण्यात राहतात.

तापीकाठ: फाटे मागच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधले तर?

शीडदोर: मुळीच नको, क्लीट उपटून येईल. ओढ बोटीच्या वजनाच्या जवळपास जाते आणि त्यातली 70 टक्के एकाच बाजूवर येऊ शकते, म्हणजे तीन टनांच्या वर. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना, बाहेरच्या अंगाला स्टीलच्या पट्ट्या आरपार बोल्टने बसवा. खर्च इथे करा, कापडात वाचवू नका.

धुळेकर: हतनूरला परवानगी काढून दहा शंकू ओढून बघा. ते उलटे होत नाहीत ना, गाठी सरकत नाहीत ना, एवढंच कळेल. ताकद कळणार नाही. आणि वाळवायला गच्चीवर टाकू नका, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात नायलॉन लवकर कमजोर होतं. फाटे आधीच अडकवून ठेवा, पिशवीत साखळी वर येईल अशी घडी घाला. सोडताना आधी साखळी, पाय दोराच्या वेटोळ्याबाहेर. सोडायच्या आधी केबिनच्या दाराच्या फळ्या आतून पक्क्या करा, लाट मागूनच चढते.