टॉमलिनला सगळं आयतं मिळालं?
पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच राहिलेल्या माइक टॉमलिनबद्दल म्हणतात, "आधीचा कोच काउअरच्या तयार टीमवर टॉमलिनने 2009 चा सुपर बोल (लीगची अंतिम लढत) जिंकला". हे म्हणणं अर्धंच खरं आहे. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) रॉथलिसबर्गर आणि बचावाचा कोच डिक लबोचा बचाव आयता मिळाला, मान्य. पण नव्या कोचला आपली माणसं आणायची घाई असते. 34 वर्षांच्या टॉमलिनने, स्वतः टँपा-टू या वेगळ्या बचाव पद्धतीच्या मुशीतला असूनही, लबोची 3-4 पद्धत (पुढे तीन, त्यांच्यामागे चार बचावपटू) तशीच चालू ठेवली. हे सोपं नाही! टीमच्या मालकांनीही घाई केली नाही: काउअर कॉन्फरन्स फायनल (सुपर बोलच्या आधीची लढत) घरच्या मैदानावर चारदा हरला, तरी मालक रूनींनी त्याला हलवलं नाही. काउअरच्या आधीचा कोच नोल तर 1969 च्या पहिल्याच मोसमात 14 पैकी 13 सामने हरला होता. पुढे त्यानेच चार सुपर बोल जिंकले. मात्र 2016 च्या मोसमानंतर टॉमलिनला प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) एकही विजय मिळाला नाही, हे फार सलतं.