आठ एमएम प्रोजेक्टर : चित्र अर्धं वर, अर्धं खाली आणि फ्रेमिंगचा नॉब जाम

सुरसागरकाठ
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. आजोबांचा जुना प्रोजेक्टर दांडिया बाजारच्या घरातून माझ्याकडे आलाय, युमिगचा ड्युअल एट, आणि सोबत रिळांचा एक पत्र्याचा डबा. मोटर फिरते, बल्ब लागतो. मामाच्या मुंजीची, १९६२ ची रीळ लावली तर पडद्यावर वरच्या अर्ध्यात भटजींचं सोवळं आणि पाय, खालच्या अर्ध्यात त्यांचंच डोकं, मधे जाड काळा पट्टा. शिवाय खडखड आवाज येतो आणि चित्र थरथरतं. फ्रेमिंगचा (चित्र वरखाली सरकवून बसवायचा) नॉब थोडासा हलतो मग अडकतो, पट्टा मात्र जागचा हलत नाही. रावपुऱ्यात एका रेडिओवाल्या काकांना दाखवला, ते म्हणाले नॉब पकडीने फिरवून बघू, मी नको म्हटलं आणि परत घेऊन आले. डब्यात सुरसागरच्या गणपती विसर्जनाचीही रीळ आहे, तेव्हाचं, तळ्यात शंकराचा पुतळा यायच्या कितीतरी आधीचं. आई आता ऐंशीला आलीय, तिला हे दाखवायचंच आहे. कुठून सुरुवात करू?

रीळघर
ताई, पकडीला नको म्हणालात ते फार बरं केलंत. आणि आधी एक करा, मुंजीची रीळ काढून ठेवा, मशीन नीट होईपर्यंत ती परत लावायची नाही. टेस्टिंगला रिकामा लीडर (रिळीच्या टोकाची चित्र नसलेली कोरी फिल्म) किंवा खराब झालेला तुकडा वापरा, कारण खडखड आवाज म्हणजे क्लॉ (फिल्मच्या कडेच्या भोकात शिरून तिला एकेक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, पुढे ओढणारा दात) भोकाच्या जागी बसत नाहीये, तो कडेला घासतोय आणि प्रत्येक वेळी फिल्मची भोकं फाडू शकतो.

आता मुख्य गोष्ट. मुंज १९६२ ची म्हणताय ना, मग ती सुपर एट (आठ एमएमचाच नंतरचा फॉरमॅट) असूच शकत नाही, सुपर एट बाजारात आलं १९६५ मध्ये. म्हणजे ही रेग्युलर एट, कोडॅकने १९३२ मध्ये आणलेलं. दोन्ही फिल्म आठ मिलिमीटर रुंदच, पण रेग्युलरची भोकं मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतात, सुपरची बारीक आणि फ्रेमच्या मध्यावर. शिवाय रेग्युलरमध्ये एका भोकापासून दुसरं ३.८१ मिमीवर, सुपरमध्ये साधारण ४.२३. तुमच्या मशीनला कुठेतरी दोन फॉरमॅटचा खटका असणार, बहुतेक तो सुपरवर आहे. तसं असेल तर क्लॉ गरजेपेक्षा लांब ओढतो म्हणून थरथर आणि खडखड, आणि भोकाची जागाच अर्ध्या फ्रेमने वेगळी म्हणून चित्र बरोबर मधोमध कापलेलं. हे नॉबने कधीच जुळणार नाही, नॉबचं काम थोडंसं वरखाली करण्याचं असतं.

स्पूल बघून ठरवू नका. सुपरच्या स्पूलचं मधलं भोक मोठं असतं हे खरं, पण घरोघरी लोकांनी रिळा इकडच्या तिकडे गुंडाळलेल्या असतात. फिल्म खिडकीसमोर धरा, कडेला बोटांनी धरून, आणि भिंगातून भोकं बघा, डब्यातल्या प्रत्येक रिळीची.

सुरसागरकाठ
बघितलं! मुंजीच्या फिल्मची भोकं फ्रेमच्या मधल्या रेषेवर आणि मोठी, अगदी तुम्ही म्हणता तशी. आणि खटका खरंच सुपरवर होता, गेटजवळ (फिल्म बल्बसमोरून जाते त्या फटीजवळ), धुळीने झाकला गेला होता. रेग्युलरवर करून कोरा लीडर चालवला, खडखड गेली. मग डब्यातला एक तुटका तुकडा लावला, चित्र स्थिर आलं आणि जवळजवळ पूर्ण दिसतंय! फक्त वर वितभर काळी पट्टी राहते आणि तिच्यावर मागच्या फ्रेमची कड. आता नॉब लागणारच, आणि तो अजून जाम आहे. आणखी एक, याच तुकड्यात एक जोड आहे, त्याच्या पुढे पट्टी एकदम खाली सरकते, जोड चुकलाय का?

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. माझ्याकडे अशा तीन मशिनी आहेत, जाम नॉब जवळपास प्रत्येक जुन्या प्रोजेक्टरला भेटतोच. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर आतलं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं. ताकद लावली की ग्रीस सुटत नाही, आतला प्लॅस्टिकचा गियर किंवा पिनच तुटते आणि ते पार्ट आता मिळत नाहीत, म्हणून जोर अजिबात नको.

प्लग काढा, बल्ब गार होऊ द्या. लेन्स काढून गेटची पट्टी उघडा. नॉब काय हलवतो ते मशीनप्रमाणे वेगळं असतं, काहींत ज्या खिडकीतून प्रकाश जातो ती पट्टी सरकते, काहींत क्लॉ कुठे थांबतो ती जागा बदलते. ओळखायचं असं, उघडण्याआधीच, लेन्स जागेवर आणि प्लग लावलेला असताना : फिल्म न लावता बल्ब चालू करून नॉब थोडा हलवा, पडद्यावरचा उजेडाचा चौकोन सरकला तर खिडकीवाली पद्धत. नाही सरकला तर बल्ब बंद करून, प्लग काढून, हाताने मशीन फिरवत क्लॉ बघत बघा. ज्या पद्धतीत चौकोन सरकतो तिथे चित्र जुळवल्यावर मशीनचा पुढचा पाय थोडा वरखाली करून चित्र पडद्यावर परत बसवावं लागतं, तो बिघाड नाही.

मग जिथे नॉबचा दांडा आत शिरतो तिथे सुईच्या टोकाने पांढऱ्या पेट्रोलचा एक थेंब. खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा लांब, आणि मशीन प्लगला नसतानाच. अर्धा तास थांबा, नॉब दोन्हीकडे हलकेच डुलवा, परत थेंब. एका संध्याकाळी सुटेल असं नाही, दोनतीन दिवस द्या. सुटला की जुनं ग्रीस कापसाच्या काडीने पुसून घ्या आणि नवीन पांढरं ग्रीस अगदी तांदळाच्या कणाएवढं. गंज काढायचा स्प्रे मात्र चुकूनही मारू नका, तो पसरत जातो, बेल्टच्या रबराला लागतो, आणि शेवटी तेल फिल्मवर येतं. नॉब नुसता फिरत असेल आणि काहीच होत नसेल तर मात्र वेगळी गोष्ट, तेव्हा नॉबच्या गळ्यातला बारीक ग्रब स्क्रू ढिला झालेला असतो, तो एलन की ने कसायचा.

गेट पण साफ करा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, आणि कडेला चिकटलेला फिल्मचा काळा गाळ लाकडी टूथपिकने काढा, लोखंडी काहीही गेटला लावायचं नाही, ओरखडा पडला की तो प्रत्येक रिळीवर उमटतो.

रीळघर
जोडाबद्दल मी सांगतो. जोड बहुतेक बरोबरच आहे. रेग्युलर एटमध्ये प्रत्येक फ्रेमला एकच भोक, भोकाला भोक जुळलं की फ्रेम जुळतेच. पण प्रत्येक कॅमेऱ्याची खिडकी भोकाच्या तुलनेत थोडी वेगळ्या उंचीवर असते. आजोबांच्या कॅमेऱ्यातलं आणि दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यातलं एकत्र जोडलं असेल तर त्या जागी फ्रेमलाइन (दोन फ्रेममधली रेषा) उडी मारणारच. नॉब दिलाय तो याचसाठी, पूर्वी घरी रीळ दाखवणारा माणूस शो चालू असताना एक हात नॉबवर ठेवूनच उभा राहायचा.

सुरसागरकाठ
नॉब सुटला! पेट्रोलच्या दुसऱ्या दिवशी, हळूच. खिडकीवालीच पद्धत निघाली. मुंजीची रीळ पूर्ण बघितली, मामा नऊ वर्षांचा, आणि आजीचा चेहरा पूर्ण पडद्यावर, आई सारखी थांबव थांबव म्हणत होती, पण बल्बसमोर फिल्म थांबवायची भीती वाटली म्हणून परत मागे घेऊन दोनदा दाखवली. विसर्जनाची रीळ मात्र उघडली तर आंबट वास आला, व्हिनेगरसारखा, आणि फिल्म थोडी कपासारखी वळलीय. लावू का?

लष्करवाला
नका लावू. तो वास म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजायला लागलीय, ती आकसते आणि भोकांमधलं अंतर कमी होतं, मग फॉरमॅट बरोबर असला तरी क्लॉ चुकतो आणि भोकं फाटतात. ती बाकीच्या रिळांपासून वेगळी ठेवा, थंड आणि कोरड्या जागी, हवाबंद डब्यात नको. स्कॅन करणारा शोधताना एवढंच विचारा की तुमच्या स्कॅनरमध्ये फिल्म दातांनी ओढतात की रोलरवर सरकते. रोलरवाल्याकडेच द्या, आणि उशीर करू नका, वास सुरू झाला की ते थांबत नाही.